अर्धं तोंड सावलीत: उत्तर कन्नडमधल्या एका पोर्ट्रेटचं प्रकरण

पोर्ट्रेट शिकणाऱ्या मुलांपुढे मी हे प्रकरण बऱ्याचदा मांडतो. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. गावाचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. ते का, हे पुढे कळेल.

पार्श्वभूमी

चित्रकार कोल्हापूरचे, पन्नाशी ओलांडलेले. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री यांच्या शहरात वाढलेल्या माणसाचं पोर्ट्रेटवर प्रेम असतं, तसं त्यांचंही आहे. माणूस समोर बसवायचा, फोटो फक्त आठवणीपुरता ठेवायचा आणि तैलरंगात चेहरा उभा करायचा, ही त्यांची रीत. गेली काही वर्षं ते हिंडून चित्रं काढतात. मेळघाटातले कोरकू, किन्नौरचे मेंढपाळ, कच्छमधले रबारी अशी त्यांच्या भटकंतीची यादी आहे. आवडीची कामं आणि पोटापाण्याची कामं ते वेगळी ठेवतात, असं ते स्वतः सांगतात. हे प्रकरण घडलं ते मात्र दोन्ही एकत्र आल्यामुळे.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, दांडेलीच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट उभं राहत होतं. मालकाने पुण्याच्या इंटिरियर डिझायनरमार्फत सहा पोर्ट्रेटची ऑर्डर दिली. प्रत्येक चित्र २४ बाय ३० इंच, तैलरंगात. दोन सिद्दी, दोन जोयड्याकडचे कुणबी, एक गवळी आणि एक किनाऱ्याकडची हालक्की समाजातली बाई. तीस टक्के ॲडव्हान्स खात्यात आला. लेखी म्हणाल तर एक ईमेल होतं. त्यात माप, रक्कम, मुदत आणि ‘चेहऱ्यांत रान दिसलं पाहिजे’ एवढं एक वाक्य. मॉडेल म्हणून बसणाऱ्या माणसांबद्दल त्यात अक्षरही नव्हतं.

सिद्द्यांबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे सिद्दी म्हटलं की मुरूड-जंजिरा आणि मलिक अंबर एवढंच आठवतं. उत्तर कन्नडच्या जंगलातल्या सिद्द्यांची कथा निराळी आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली कितीतरी माणसं तिथून निसटून घाटावरच्या रानात शिरली. त्यांचे आणि वेगवेगळ्या वाटांनी इथे आलेल्या इतर आफ्रिकी लोकांचे वंशज आज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा, अंकोला या तालुक्यांत राहतात. त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही आहेत. बोली कोकणी, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. २००३ साली कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. हल्याळच्या बाजारात मराठी सहज चालते. चित्रकारांना दुभाषा लागला नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाला वळण मिळालं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. किन्नौरमध्ये मॉडेल काय कुजबुजतंय ते त्यांना कळलंच नसतं.

पहिलं पोर्ट्रेट एका सिद्दी आजींचं ठरलं. वय सत्तरीच्या पुढे. जुन्या साड्या, परकर, शर्ट यांचे तुकडे जोडून सिद्दी बाया जी गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. या आजी गावातल्या नावाजलेल्या शिवणाऱ्या. काठापासून सुरुवात करून आत मध्यापर्यंत टाके घालत जायचे आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावायची. फुलं नसलेली कवंदी नागडी, असं तिथे मानतात.

काम कसं सुरू झालं

डिझायनरने सुचवलं होतं, ‘दोन दिवसांत सगळ्यांचे फोटो काढा आणि कोल्हापूरला जाऊन रंगवा.’ चित्रकारांनी ते मानलं नाही. त्यांनी गावाजवळ खोली घेतली आणि सिटिंग, म्हणजे माणसाला समोर बसवून काढायच्या बैठका, ठरवल्या. हा पहिला निर्णय. त्याने वेळ वाढला, खर्च वाढला आणि पुढचा सगळा पेचही उभा राहिला, कारण मॉडेल रोज कॅनव्हासकडे बघू शकत होतं. फोटोवरून काम झालं असतं तर आजींनी आपलं चित्र कधी पाहिलंच नसतं आणि तक्रारही आली नसती. ‘तक्रार आली नाही’ हे पुष्कळ चित्रकार आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगतात. कोणी पाहिलंच नाही तर तक्रार येणार कुठून?

दुसरा निर्णय पैशांचा. दिवस भातकापणीच्या तोंडावरचे. बसायचं म्हणजे रोज बुडवायचा. गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष बाईंशी बोलून चित्रकारांनी दर सिटिंगला तिथल्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे ठरवले, जरी सिटिंग दोन-अडीच तासांचीच असे. पैसे ज्याच्या त्याच्या हातात, सगळ्यांना सारखे. यावर गावात कुरबुर झाली ती एवढीच की आम्हाला का नाही बसवत.

बैठक आजींच्या घरात. मातीच्या भिंती, कौलं, दक्षिणेला दार, बाजूला एक हातभर खिडकी. चित्रकारांनी आजींना खिडकीशी तिरकं बसवलं. प्रकाश डाव्या गालावर, उजवी बाजू सावलीत. आपल्याकडच्या पोर्ट्रेटच्या शिक्षणात या प्रकाशयोजनेला फार मान आहे. ती डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाते; मूळचे गोव्याचे चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद यांना तर ‘पूर्वेचे रेम्ब्रांट’ म्हणत. नाट्य येतं, आकार ठसठशीत होतो आणि, खरं सांगायचं तर, अर्ध्या चेहऱ्याचं काम वाचतं.

या योजनेची खूण म्हणजे सावलीतल्या गालावर पडणारा प्रकाशाचा छोटा त्रिकोण. डोळ्याखालच्या या तुकड्यावर अख्खी अंधारी बाजू तोललेली असते. गव्हाळ कातडीवर तो त्रिकोण आपोआप मिळतो. आजींच्या काळ्या कातडीवर, त्या कमी उजेडात, तो जवळजवळ नव्हताच. चित्रकारांनी सवयीने बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ हात दिला, वर आयव्हरी ब्लॅक हा काळा आणि थोडा अलिझारिन हा गर्द लाल. उजेडाची बाजू मात्र त्यांनी सुरेख रंगवली. गालाचं हाड, पांढरे केस, कानातल्या कुड्या, सगळं बोलत होतं. सावलीत डोळा होता, पण तो आहे हे माहीत असलेल्यालाच दिसावा असा.

त्यात तैलरंगाचा स्वभाव आड आला. अंबरसारखे मातीचे रंग तेल पितात. कॅनव्हासचं अस्तरही शोषणारं असेल तर वाळताना वरचं तेल आत ओढलं जातं आणि गडद भागाची झळाळी जाऊन तो मंद, मातकट दिसू लागतो. दोन सिटिंगांमध्ये सावलीची बाजू अशीच बसली. ओल्या रंगात जे थोडंफार दिसत होतं तेही गेलं. वरून जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवला की रंग पुन्हा उघडतो, हे चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं. ते म्हणाले, शेवटी करू.

मधल्या काळात त्यांनी एक गोष्ट केली, जी त्या वेळी त्यांना किरकोळ वाटली. मोबाइलवर चित्राचा फोटो काढून त्यांनी डिझायनरला व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर लगेच आलं: अप्रतिम, हेच हवं होतं, बाकीची पाचही अशीच करा.

पेच

शेवटच्या सिटिंगला चित्रकारांनी ईझल अंगणात आणून चित्र सगळ्यांना दाखवलं. शेजारच्या बाया जमल्या. आधी कौतुक झालं. केस कसे हुबेहूब, कुड्या कशा चमकतात. आजी मात्र जवळ गेल्या, चष्मा लावला, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, हे अर्धं कुठं गेलं?”

चित्रकारांनी प्रकाश-सावली समजावली. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमचं खरं असेल. पण मला डोळे दोन आहेत.” जमलेल्या बाया हसल्या. तेवढ्यात एकीने विचारलं की यांच्या साडीचा रंग असा का, आणि चष्मा का नाही. चष्मा चित्रकारांनी काढायला लावला होता. साडी रोजची, विटलेली बसली होती, कारण ती ‘रानातली’ दिसत होती. आजींची कपाटातली जांभळी साडी त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारली होती.

आजींचा नातू धारवाडला बी.ए. करतो. तो सुटीवर घरी होता. त्याचे प्रश्न वेगळे. “सर, हे कुठं लागणार? खाली काय लिहिणार?” चित्रकारांनी सरळपणे मोबाइल पुढे केला. डिझायनरने रिसॉर्टच्या माहितीपत्रकाचा कच्चा नमुना पाठवला होता. मुखपृष्ठावर आजींचा तोच अर्धा चेहरा होता, खाली जंगलसफारीचे दर. नातवाने तो मोठा करून पाहिला आणि परत दिला. म्हणाला, गावात पर्यटक येतात, आमच्या लहान मुलांना विचारतात की तुम्ही आफ्रिकेतून कधी आलात. आता आजीला बघायला येतील.

इथे एक जुनी हकीकत सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकन चित्रकार जॉर्ज कॅटलिन १८३२ साली मिसुरी नदीकाठी फोर्ट पिअर या किल्ल्यावर लाकोटा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची पोर्ट्रेट काढत होता. त्याने ‘लिटल बेअर’ नावाच्या योद्ध्याचं चित्र बाजूने काढलं, म्हणजे एकच गाल दिसेल असं. कॅटलिनच्याच वृत्तांतानुसार, ‘द डॉग’ नावाच्या दुसऱ्या एकाने त्यावरून लिटल बेअरला डिवचलं की चित्रकाराला ठाऊक आहे तू अर्धाच माणूस आहेस. भांडण बंदुकांवर गेलं आणि लिटल बेअर मारला गेला. गोळीने उडाली ती चेहऱ्याची न रंगवलेली बाजू, असं कॅटलिन सांगतो. शेवटच्या तपशिलात मीठमसाला असेलही. पण चित्रकाराला निव्वळ शैली वाटणारी गोष्ट समोरच्याला स्वतःबद्दलचं विधान वाटू शकते, हे त्या किल्ल्यावर जितकं खरं होतं तितकंच हल्याळच्या अंगणातही होतं. फरक इतकाच की आजी हसून बोलल्या. हसून बोलल्यामुळे तक्रार कानाआड करणं सोपं होतं, हा धोका त्यात होताच.

पुढे असलेले पर्याय

त्या रात्री चित्रकारांनी मला फोन केला होता, त्यामुळे पर्यायांची ही चर्चा मी ऐकीव सांगत नाही.

पहिला पर्याय: काहीच करायचं नाही. चित्र चित्रकाराचं, दृष्टी चित्रकाराची. आजींना सिटिंगचे पैसे मिळाले होते, ग्राहक खूश होता. सुरुवातीला त्यांचा कल इकडेच होता, आणि तो केवळ अहंकारापोटी नव्हता. मॉडेलला आवडेल तेच रंगवायचं म्हटलं तर पोर्ट्रेटचं स्टुडिओतल्या गुळगुळीत फोटोत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही, ही भीती खोटी नाही. मी त्यांना एवढंच विचारलं की आजींच्या जागी कोल्हापूरचा एखादा कारखानदार असता आणि म्हणाला असता माझा दुसरा डोळा दिसत नाही, तर तुम्ही काय केलं असतं? ते म्हणाले, तिथंच रंग उघडून दिला असता. मग थोडा वेळ फोनवर कोणीच बोललं नाही.

दुसरा पर्याय: त्याच चित्रात सावली उजळायची. तेलाचा हात, वर थोडे मधले टोन, डोळ्यात एक ठिपका. अर्ध्या दिवसाचं काम. हा मला सगळ्यांत वाईट पर्याय वाटत होता, आणि अजूनही वाटतो. प्रकाश एका बाजूने येत असताना दुसरी बाजू नुसती पांढऱ्याने फिकी करत नेली की कातडी राखाडी, खडूसारखी होते. काळ्या माणसांच्या पोर्ट्रेटमधली ही सर्वांत नेहमीची चूक. चेहरा दिसतो, पण आजारी दिसतो.

तिसरा: चित्र आजींना देऊन टाकायचं आणि ग्राहकाला दुसऱ्या कोणाचं काढून द्यायचं. कानाला हे उदार वाटतं. पण ज्या चित्राबद्दल तक्रार आहे तेच भेट म्हणून देणं म्हणजे तक्रार ऐकली नाही असं सांगणंच.

चौथा: नव्याने काढायचं. वेगळा प्रकाश, वेगळी बैठक आणि बैठक ठरवताना आजींचं ऐकायचं. खर्च चित्रकाराच्या खिशातून. मुदत आणखी पुढे. ग्राहक हे मान्य करेल याची काहीच खात्री नाही, कारण त्याने पहिलं चित्र पसंत केलेलं.

पाचवा, आणि हा नातवाने सुचवला: सिद्दी पोर्ट्रेट द्यायचीच नाहीत. “तुम्ही चांगले आहात सर, पण तो माहितीपत्रकवाला तुमच्या हातात नाही.” हे बोलणं चित्रकारांना लागलं, कारण ते बरोबर होतं.

पर्याय चार आणि पाच यांच्यामध्ये दोन दिवस गेले. शेवटी ज्यांचं चित्र त्यांनाच विचारायचं ठरलं. आजींचं उत्तर फार व्यवहारी होतं. चित्र काढा, पण नीट. लागू दे तिथं. नाव मात्र लिहा. घरात त्यांचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा, आणि त्यात त्या स्वतःला ओळखत नव्हत्या.

काय केलं

दुसरं पोर्ट्रेट ओसरीवर झालं. सकाळी उत्तरेचं मोकळं आभाळ समोर, ऊन थेट नाही. आजींनी जांभळी साडी नेसली, चष्मा लावला आणि मांडीवर अर्धी झालेली कवंदी घेतली. अडचण अशी की शिवताना मान खाली. नुसतं बसा म्हटलं तर चेहरा पासपोर्ट फोटोसारखा ताठ. दोन सिटिंग यातच गेल्या. मग चित्रकारांच्या लक्षात आलं की दोरा संपला की आजी सुई डोळ्यांसमोर धरतात, मान वर येते, तोंड किंचित उघडं राहतं आणि दोन्ही डोळे सुईच्या नेढ्यावर येतात. बैठक तिथे ठरली. आजी हसून म्हणाल्या की आता सारखा दोरा ओवत बसू का. तसंच झालं, एका टाक्याआड दोरा.

रंगाचं सांगतो, कारण शिकणाऱ्यांना यातच जास्त रस असतो. काळा रंग पॅलेटवरून काढला. गडद टोन बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांच्या मिश्रणातून, कुठे अलिझारिन आणि व्हिरिडियन (हिरवा). त्यामुळे सगळ्यांत गडद जागेतही ऊब किंवा गारवा शिल्लक राहतो. काळी कातडी मोकळ्या आभाळाखाली निळसर प्रकाश परत टाकते. कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा इथल्या झळाळ्या गार आणि धारदार येतात, तर हनुवटीखाली कवंदीच्या लाल तुकड्यांची आभा येते. म्हणजे उजेड गार आणि सावली उबदार. खोलीतल्या त्या खिडकीशी यातलं जवळजवळ काहीच मिळत नव्हतं. उजेडासाठी टायटॅनियम व्हाइट अगदी शेवटी, मोजक्या ठिकाणी. आधीच्या पायऱ्या यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि लाइट रेडने (मातकट लाल) चढवल्या. गडद भाग वाळून मंद झाले की दर वेळी तेलाचा हात देऊन मगच पुढचं काम केलं, ‘शेवटी’वर ढकललं नाही.

चित्रकार आता म्हणतात की हे चित्र पहिल्यापेक्षा चांगलं आहे. माझं मत जरा वेगळं आहे. पहिल्यातली डावी बाजू, ते गालाचं हाड, त्यांच्या हातून पुन्हा तसं झालेलं नाही. दुसरं चित्र जास्त पूर्ण आहे आणि त्यात आजी आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

ग्राहकाशी बोलणं मात्र कडू झालं. त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याने ॲडव्हान्स दिला होता, फोटो पाहून पसंती कळवली होती, भिंतीचा गडद हिरवा रंग त्या चित्रावरून ठरवला होता, माहितीपत्रक छपाईला गेलं होतं. तो म्हणाला, पहिलं चित्र माझं आहे. चित्रकारांना वाटत होतं की कॉपीराइट आपोआप चित्रकाराचाच असतो. एका वकील मित्राने ते दुरुस्त केलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा ठरतो. कलम ५७ खाली चित्रकाराकडे उरतो तो चित्रावर आपलं नाव राहण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क. ज्याचा चेहरा आहे त्याला या दोन्ही कलमांत जागा नाही. त्याला काही द्यायचं असेल तर ते करारात लिहावं लागतं, आणि इथे करार म्हणजे ते एक ईमेल.

चित्रकारांच्या बाजूने एकच गोष्ट होती: पहिलं चित्र अजून त्यांच्याच खोलीत होतं आणि त्याचे पैसे पूर्ण झालेले नव्हते. त्यांनी प्रस्ताव ठेवला. पहिलं चित्र द्यायचं नाही, त्याऐवजी दुसरं, तेवढ्याच पैशांत. माहितीपत्रकात किंवा जाहिरातीत कोणाचंही पोर्ट्रेट वापरायचं तर त्या माणसाची लेखी संमती आणि वेगळं मानधन. प्रत्येक चित्राखाली माणसाचं नाव. हे मान्य नसेल तर ॲडव्हान्स परत. डिझायनरने मध्ये पडून बरीच समजूत घातली, आणि याचं श्रेय तिला द्यायला हवं. नावाची कल्पना मालकाला उलट आवडली. पाहुण्यांना गोष्ट सांगता येते, असं तो म्हणाला. त्याचं कारण काही का असेना.

नावाची पाटी

पाटीवर काय लिहायचं यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. मालकाला हवं होतं समाजाचं नाव आणि गावाचं नाव. चित्रकारांना वाटत होतं की फक्त व्यक्तीचं नाव द्यावं, समाजाचा उल्लेखच नको, म्हणजे माणूस नमुना होणार नाही. त्यांच्या डोक्यात राजा रविवर्मा होता. त्याने १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला दहा चित्रं पाठवली, बहुतेक देशभरच्या वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांची. बक्षिसं मिळाली. शीर्षकांत मलबारची सुंदरी आहे, नववधू आहे, खेड्यातली तरुणी आहे. कुणाचं नाव मात्र नाही.

नातवाने दोघांनाही खोडलं. तो म्हणाला, सिद्दी लिहाच. ते लपवायची गरज कोणाला आहे? दर्जा मिळवायला आमच्या लोकांनी इतकी वर्षं घालवली. पण नाव आधी येऊ दे, समाज नंतर. आणि ‘कवंदी शिवणाऱ्या’ असंही लिहा, कारण ते त्यांचं काम आहे. गावाचं नाव मात्र नको, नाहीतर सफारीची जीप दारात येईल. या तिन्ही सूचना तशाच पाटीवर गेल्या, मराठी आणि कन्नडमध्ये. कन्नड मजकूर त्यानेच लिहिला.

चित्रकाराने आपणहून मोकळेपणा दाखवायचा म्हणून जे गाळायचं ठरवलं होतं, ते त्या समाजातल्या मुलाला हवं होतं. हे बाहेरून येणाऱ्याला आधी सुचणं जवळपास अशक्य. विचारल्याशिवाय कळतच नाही.

निष्पत्ती

सहाऐवजी पाच चित्रं झाली. माहितीपत्रकाची गोष्ट कानावर गेल्यावर गवळी गृहस्थांनी बसायला नकार दिला. कोणाशी भांडले नाहीत. म्हशींचं काम आहे म्हणाले. त्यांना पुन्हा विचारायला चित्रकार गेले नाहीत, ते योग्यच केलं. एका चित्राचे पैसे गेले, आजींच्या दुसऱ्या चित्राचा खर्च अंगावर पडला. शेवटचा हप्ता उशिरा आला, पण आला.

माहितीपत्रकाच्या डिजिटल प्रतीतून आजींचं चित्र काढलं गेलं. छापून वाटल्या गेलेल्या प्रती परत येणं शक्यच नव्हतं. त्यांतली एक हल्याळच्या एका दुकानात नातवाला दिसली. त्याने ती घरी आणली नाही.

आजींना त्यांच्या पोर्ट्रेटची कॅनव्हासवर छापलेली प्रत मिळाली. ती त्यांनी देवाशेजारी लावली. बाकीच्या चौघांनीही प्रत मागितली तेव्हा चित्रकारांना कळलं की ही गोष्ट सुरुवातीलाच सगळ्यांना द्यायला हवी होती.

पहिलं चित्र कोल्हापूरला स्टुडिओत आहे. ते प्रदर्शनात लावायची चित्रकारांना फार इच्छा आहे. आजींनी होकार दिलेला नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. “बघू,” म्हणाल्या. चित्रकारांनी याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला आहे. मीही तोच घेतला असता.

वेगळं काय करता आलं असतं

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणं हा या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय होता, आणि तो निर्णय आहे असं त्या वेळी कोणाला वाटलंही नाही. पसंती कळवल्यावर ग्राहकाच्या डोळ्यांत ते चित्र पुरं झालं. मॉडेलने पाहण्याआधी ग्राहकाने पाहायचं नाही एवढा साधा क्रम पाळला असता, तर आजींची तक्रार ही कामातली एक दुरुस्ती राहिली असती. तिचा वाद झाला नसता.

प्रकाश ठरवतानाही आजींना विचारता आलं असतं. सिटिंगच्या पहिल्या दिवशी कोळशात किंवा पातळ रंगात दोन छोटी रेखाटनं, एक खिडकीशी, एक ओसरीवर. अर्ध्या तासाचं काम. काळ्या कातडीवर एकतर्फी प्रकाश चालत नाही असं मुळीच नाही. चालतो, पण सावलीत दुसरीकडून परतणारा उजेड हवा; एखादी पांढरी चादर त्या बाजूला टांगली असती तरी डोळा सापडला असता. खोली आणि सवय या दोन्हींनी चित्रकाराच्या वतीने निर्णय घेऊन टाकला.

साडी आणि चष्म्याबद्दल मी चित्रकारांशी अजून वाद घालतो. ते म्हणतात की ग्राहकाच्या वाक्याने त्यांच्यावर छाप पडली. मला ते पुरतं पटत नाही. विटलेली साडी निवडण्याची ओढ आपल्या पोर्ट्रेटवाल्यांत ग्राहकाशिवायही असते. उलट उदाहरण घ्या: न्यूझीलंडमध्ये बोहेमियाहून (आजच्या चेक प्रजासत्ताकातून) गेलेल्या चित्रकार गॉटफ्रीड लिंडाउरने १८७४ नंतर तिथल्या मूळच्या माओरी लोकांची असंख्य पोर्ट्रेट काढली. त्याच्या ग्राहकांत माओरी घराणीही होती. ती पैसे देत आणि चित्रं घरी नेत. घरच्या दुःखाच्या प्रसंगी ती पूर्वजांच्या जागी मांडली जात. पैसे देणारा आणि चेहरा असणारा एकच असला की साडीचा प्रश्न उभाच राहत नाही. आजींच्या बाबतीत ते दोघे वेगळे होते, तरी ‘तुम्हाला कसं दिसायचंय’ हे विचारायला पैसे लागत नव्हते.

करारही आधी व्हायला हवा होता, आणि एक नव्हे, दोन. ग्राहकाबरोबरच्या कागदात कॉपीराइट चित्रकाराकडे राहील आणि जाहिरातीतला वापर वेगळा धरला जाईल, असं लिहायला हवं होतं. मॉडेलबरोबरचा कागद एका पानाचा पुरे: चित्र कुठे लागणार, खाली काय लिहिणार, छापील वापर झाला तर किती पैसे, घरी कोणती प्रत मिळणार, आणि काम सुरू झाल्यावरही माघार घ्यायची मुभा. हा कागद कन्नड आणि मराठीत असावा आणि घरातल्या शिकलेल्या माणसासमोर वाचून दाखवावा. अंगठा घेऊन मोकळं होणं म्हणजे संमती नव्हे.

एका बाबतीत मात्र मी चित्रकारांच्या बाजूचा आहे. त्यांच्या काही मित्रांचं म्हणणं पडलं की एवढा ताप होता तर फोटोवरून काम करायचं. तसं केलं असतं तर आजींचा आक्षेप नाहीसा झाला नसता, फक्त कोल्हापूरपर्यंत पोचला नसता.

चित्रकार पुढच्या हिवाळ्यात जोयड्याला पुन्हा जाणार आहेत, या वेळी ऑर्डरशिवाय. मॉडेलचा कागद त्यांनी तयार केला आहे. चित्र पुढे कधी विकलं गेलं तर मॉडेलच्या घरी काय जावं, ही ओळ त्यात अजून कोरी आहे. काही टक्के लिहावेत असं नातवाचं म्हणणं आहे. चित्रकार म्हणतात, विक्री दहा वर्षांनी झाली तर मी त्या घरापर्यंत पोचणार कसा? त्या ओळीवर दोघांची बोलणी चालू आहेत.